दोन वेळची भ्रांत

बाजारात मटार स्वस्त झाला की दहावीची पूर्वपरीक्षा जवळ आली, असं आमच्या शिक्षकखोलीचं पंचांग होतं. डिसेंबर सरता सरता वाशीच्या मार्केटातून हिरव्या शेंगांचे टेम्पो निघू लागत, घणसोलीच्या नाक्यापर्यंत हातगाड्यांवर ढीग दिसत, आणि मधल्या सुट्टीत आम्ही बायका तपासायचे गठ्ठे बाजूला सारून वर्तमानपत्रावर शेंगा सोलत बसायचो. बोटांना तो कच्चा, गोडसर वास लागायचा आणि पुढच्या तासाला खडूच्या भुकटीत मिसळायचा. जानेवारीचा वास म्हणजे मला अजूनही तोच वाटतो. यंदाही मटार आला. मी पाव किलो आणला आणि सोलता सोलता लक्षात आलं, की एवढे दाणे मला आता दोन दिवस पुरतील.

श्रावणात अविनाश गेले. सदतीस वर्षांचा संसार एका आठवड्याच्या आजारपणात संपला. त्याबद्दल मला लिहिता येत नाही, आणि येईल तेव्हा मी ते लिहीन असंही वाटत नाही. लिहायचं आहे ते त्यानंतरच्या पंधरा दिवसांबद्दल. आमच्या सोसायटीतल्या बायकांनी मला डबे दिले. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कुणीतरी वेळापत्रक टाकलं होतं, सोमवारी ए विंग, मंगळवारी बी विंग, असं. त्याच्या वर एक ओळ होती: ‘चौथ्या मजल्यावरच्या मॅडम अगदी एकाकी पडल्या आहेत, त्यांना आपल्या सर्वांच्या आधाराची नितांत गरज आहे.’ माणसं चांगली होती. डबेही चांगले होते, एका घरच्या मुगाच्या खिचडीची चव मला अजून आठवते. पण ती ओळ मी कितीतरी वेळा उघडून वाचली. ‘नितांत’ हा शब्द लिहिणारीनं शाळेतच उचलला असणार. कोण जाणे, माझ्याच हाताखाली शिकली असेल.

पुढे काही आठवडे लिफ्टमध्ये मी शिरले की बोलणाऱ्यांचा आवाज खाली यायचा. कुणी माझ्या हातातली पिशवी न विचारता घ्यायचं. मी होते तीच होते, सकाळी चहाबरोबर पुस्तक घेऊन बसत होते, गॅसचं बिल भरत होते, पण बाहेर माझ्याबद्दलचं एक वाक्य तयार झालं होतं आणि मला त्या वाक्यात राहायला जावं लागत होतं. दुसऱ्यानं बांधलेल्या वाक्यात राहणं कसं असतं हे मला साठीच्या आसपास कळलं. माझ्या वर्गातल्या तनुजाच्या वडिलांना ते माझ्यामुळे कळलं होतं, भर सभागृहात, पहिल्या रांगेत बसून.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. माझ्या निवृत्तीला सव्वा वर्ष होतं. आमची शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित. ज्यांना परवडतं त्यांची मुलं केव्हाच इंग्रजी शाळांत गेली. आमच्याकडे उरली ती गावठाणातल्या भाड्याच्या खोल्यांतली मुलं. वडील मार्केटात हमाल किंवा टेम्पोवर, आई चार घरची कामं करणारी, आणि एका खोलीत पाच-सहा माणसं. त्या वर्षी द्रोणागिरीकडे गोदामं असलेल्या एका कंपनीनं आमच्या शाळेला जादा निधी दिला. घरी अभ्यासाला जागा नाही अशा मुलांसाठी तो वापरा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्याचं काय करायचं यावर आमची बैठक झाली. कुणी म्हणालं दप्तरं वाटू, कुणी म्हणालं मोठा पडदा लावू. गणित शिकवणाऱ्या रुबीना परकार मॅडम उरणकडच्या, गणितासारख्याच सरळ बोलायच्या. त्या म्हणाल्या, “सर, मुलांना दप्तर आहे. ते उघडून बसायला जागा नाही.”

मग खालच्या मजल्यावरची अडगळीची खोली रिकामी झाली. मोडके बाक निघाले, भिंतींना चुना लागला, चार ट्यूबलाइट आल्या, सतरंज्या आल्या, जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच आले. एक शेगडी आणि एक मोठं पातेलंही आलं, कारण परकार मॅडमनी हट्ट धरला की सात वाजता येणारं मूल काही खाऊन आलेलं नसतं. सकाळी सात ते नऊ वर्ग भरायचा. आम्ही दोघी आळीपाळीनं शिकवायचो, आणि बाकीच्या वेळात मुलं नुसती बसायची, आपापलं वाचायची. शाळांना जादा पैसा मिळतो तेव्हा त्याचं काय करावं, असं मला आज कुणी विचारलं तर मी ती खोली सांगेन. उजेड, सतरंजी, पातेलं आणि दोन तास कुणी न ओरडणं.

यादीवरून मात्र वाद झाला. परकार मॅडम म्हणाल्या, “यादी कशाला? दार उघडं ठेवा. ज्याला घरी जागा नाही तो येईल. थंडीत सात वाजता हौसेनं कोण येतंय?”

मुख्याध्यापक देसाई सर कंटाळून म्हणाले, “मॅडम, कंपनीला लाभार्थी दाखवावे लागतात.”

“लाभार्थी म्हणे! ही शाळा आहे की रेशनचं दुकान?”

सगळे हसले. मीही हसले. आणि हसून झाल्यावर यादी मीच केली, कारण शाळेत कुणालाही काही लिहायचं असलं की ते माझ्याकडे यायचं. वर मथळा दिला, ‘गरजू विद्यार्थी’. ती यादी हजेरीसाठी खोलीत लावली गेली. आठवड्याभरात मुलांनी खोलीचं नाव पाडलं. जिन्यावरून आवाज यायचे, “ए, चल ना गरजूत, आज उसळ आहे.” “थांब गं, मी काय एवढी गरजू नाही.” आणि खिदळणं. मुलांनी त्याची थट्टा करून टाकली म्हणून मला ते चाललं.

त्या सकाळी आठवतात. खाडीवरून धुकं यायचं आणि त्यात कारखान्यांचा एक आंबूस वास मिसळलेला असायचा. मुलं एकाच रंगाच्या, वेगवेगळ्या वर्षांत फिकट झालेल्या स्वेटरमध्ये यायची. पातेल्यावर वाफ धरायची आणि परकार मॅडमचा चष्मा धुरकटायचा, तो पुसत त्या त्रिकोणाचे कोन विचारायच्या. कधी खिडकीतून दूरवर फ्लेमिंगोंची रांग जाताना दिसे. मुलं एवढ्यापुरती मान वर करत आणि पुन्हा वहीत घालत. मी पस्तीस वर्षं शिकवलं, पण मुलं इतकी शांत बसलेली मी इतर कुठं पाहिली नाहीत.

तनुजा शेलार त्यातलीच. लांब वेणी, अक्षर बारीक, प्रश्न विचारताना आधी हसायची. वडील मारुती शेलार, मूळचे साताऱ्याकडचे, जावळीचे. कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार, म्हणजे गोण्या वाहणाऱ्यांच्या एका टोळीत. त्यांची माझी ओळख पातेल्यावर झाली. एका शनिवारी सकाळी ते सायकलवर मटारची पिशवी घेऊन आले. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात धुवट सदरा. पिशवी दारात ठेवून म्हणाले, “मॅडम, पोरं थंडीची येत्यात. रिकाम्या पोटी गणित डोक्यात शिरत न्हाय.”

मी म्हणाले, “अहो, कशाला? शाळेला त्यासाठी निधी मिळालाय.”

“मिळू द्या की. ह्ये आमच्या टोळीकडनं हाय. भाजी मार्केटात आपला मानूस हाय. पोरीला सांगू नका, न्हायतर म्हनंल, बापानं आनलं म्हनून जास्त वाढा.”

तेव्हापासून दर शनिवारी पिशवी यायची. कधी मटार, कधी गाजरं, एकदा स्ट्रॉबेरीचा खोका, त्यावर मुलांनी घातलेला गोंधळ वरच्या वर्गापर्यंत ऐकू गेला होता. तनुजाला अर्थातच पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

महिनाअखेर कंपनीची माणसं वर्ग बघायला येणार होती. देसाई सर म्हणाले, एका लाभार्थ्याचं मनोगत हवं, अहवालात छापायलाही आणि कार्यक्रमात बोलून दाखवायलाही. मी तनुजाचं नाव सुचवलं आणि तिला म्हणाले, घराबद्दल, वडिलांबद्दल लिही. दुसऱ्या दिवशी तिनं वहीचं एक पान दिलं.

त्या पानावर तिनं लिहिलं होतं, की माझे बाबा कांदा हातात घेऊन सांगतात तो नाशिककडचा आहे की जुन्नरकडचा, आणि किती दिवस टिकेल. बाबा म्हणतात, गोणी उचलायची नसते, तिला आपल्या पाठीवर यायला लावायचं असतं, उचलायला गेलं की कंबर जाते. आमच्या घरात सगळ्यांच्या कपड्यांना कांद्याचा वास येतो, तो आम्हाला येत नाही, पाहुण्यांना येतो. सातच्या वर्गात मटारची उसळ असते. ते मटार माझे बाबा देतात हे मी कुणाला सांगत नाही, नाहीतर सगळे मला जास्त वाढतील.

मी ते वाचून हसले, ‘छान’ म्हणाले आणि लाल पेन घेतलं.

इथं मला शाळेतल्या मराठीबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे निबंधाचा एक प्रकार असतो, मनोगत. फाटक्या पुस्तकाचं मनोगत, तुटलेल्या झाडाचं, वृद्धाश्रमातल्या आजोबांचं. मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं की मनोगत करुण असावं, पुस्तकानं आपल्या फाटण्याबद्दल बोलावं, शेवटी वाचणाऱ्याचे डोळे ओलावले पाहिजेत. सुखी पुस्तकाचं मनोगत मी कधी लिहून घेतलं नाही. त्यामुळे ‘लाभार्थ्याचे मनोगत’ हे शब्द दिसल्यावर माझा हात आपोआप चालू लागला. कांदा गेला. गोणीचं वाक्य गेलं. मटार तर जाणारच होते, कारण जो देतो तो लाभार्थी कसा असेल? त्याजागी मी लिहिलं, ‘माझे वडील अहोरात्र ओझी वाहतात, तरीही आमच्या घरात दोन वेळच्या अन्नाची भ्रांत असते. अशा अंधारात या वर्गाने माझ्या आयुष्यात प्रकाश आणला.’ खाली तनुजाचं नाव.

तिनं ते वाचलं आणि विचारलं, “मॅडम, हे असं नाहीये ना पण?”

मी म्हणाले, “अगं, ती लिहिण्याची पद्धत असते.” तिनं मान हलवली. हुशार मुलगी, पाठांतर पक्कं. दोन दिवसांत तिला ते तोंडपाठ झालं, भ्रांतमधल्या ‘भ्रां’वरचा जोरही मीच तिच्याकडून घोटवून घेतला.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता. मारुती शेलार अर्धा दिवस सुट्टी टाकून आले होते, इस्त्रीचा सदरा घालून, आणि पोरगी माईकवर बोलणार म्हणून सोबत टोळीच्या मुकादमांना घेऊन आले होते. त्यांना सगळे नाना म्हणायचे. दोघं पहिल्या रांगेत बसले. तनुजा उभी राहिली. आवाज स्वच्छ, एक अडखळ नाही. भ्रांतपाशी पोचली तेव्हा तिनं खाली, पहिल्या रांगेकडे पाहिलं नाही, समोरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाहुण्यांपैकी एका बाईंनी डोळे टिपले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, मला वाटतं सगळ्यांत जास्त वेळ मीच वाजवल्या.

चहाच्या टेबलापाशी नाना शेलारांच्या खांद्यावर हात टाकून म्हणत होते, “मारुती, घरी दाणा न्हाई व्हय रं? सांगायचं की! टोळीनं वर्गनी काढली असती.” आजूबाजूचे हसले. शेलारही हसले, उशिरानं. मग कप ठेवून ते माझ्याकडे आले. टोपी काढून हातात घेतली.

“मॅडम, एक इचारू? भ्रांत म्हंजे काय वो?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. अर्थ मला ठाऊक होता. अन्न मिळेल की नाही याची खात्री नसणं. आणि ही मुलगी माझ्या सांगण्यावरून ते बोलली, हेही मला ठाऊक होतं. एवढी दोन वाक्यं बोलायची होती.

मी म्हणाले, “भ्रांत म्हणजे... काळजी. सगळ्यांनाच असते तशी.”

“आसं व्हय,” ते म्हणाले. “काळजी तर आसतीच.” मग थोडं थांबून, “पोरगी लई चांगलं बोलली. आमाला वाटलं नव्हतं तिच्या मनात आसं काय हाय.”

देसाई सरांनी मला फोटोसाठी हाक मारली आणि मी गेले. फोटोत मी हसते आहे.

सोमवारी तनुजा सातच्या वर्गाला आली नाही. शनिवारी मटार आले नाहीत. परकार मॅडमनी बाजारातून आणले. मग एक दिवस फळा पुसता पुसता म्हणाल्या, “तिच्या वडिलांना काहीतरी लागलंय. पोरीनं असं का लिहिलं असेल हो?” मी म्हणाले, “मुलांचं काही सांगता येत नाही.” हे वाक्य मी खरंच उच्चारलं. आजही कधी कधी भांडी घासताना ते माझ्या कानात येतं आणि मी नळ मोठा करते.

घरी अविनाशनी अहवाल वाचला. त्यांना छापलेलं काहीही वाचायची सवय. मग माझ्या टेबलावरचं वहीचं पान त्यांच्या हाती लागलं, तेही वाचलं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून म्हणाले, “ही मुलगी सुंदर लिहिते. ही दुसरी कोण?” मी त्यांना सगळं सांगितलं, शेलारांचा प्रश्नही. ते म्हणाले, “तू जाऊन सांग त्यांना. दहा मिनिटांचं काम आहे.”

एकदा मी गेले होते. घणसोली गावातल्या गल्लीत, जिथं एका बाजूला अजून जुनी कौलारू घरं आहेत आणि त्यांच्या डोक्यावर तीन-तीन मजले चढलेत. खालच्या ओट्यावर घरमालकीण सुकट निवडत बसली होती. “कोन पायजे, बाय? शेलार ना? वर हाय, जा.” मी जिना चढले. दारात पाच चपला होत्या. आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता, लयीत, आणि तव्यावरच्या पिठाचा खरपूस वास. दोन वेळच्या अन्नाची भ्रांत असलेलं ते घर. मी चपला काढल्या नाहीत. खाली आले तेव्हा घरमालकीण म्हणाली, “भेटलं नाय?” मी “नंतर येते” म्हणाले.

दहावीच्या निकालानंतर तनुजा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. गुण बरे होते, सातच्या वर्गात बसली असती तर जितके मिळाले असते तितके नव्हते. तिला कराडला मावशीकडे पाठवत होते. वडील म्हणाले होते, इथं तुझ्या पोटाची आबाळ होती ना, मावशीकडं नीट जेवशील. हे तिनं मला हसत सांगितलं. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, “मॅडम, मी त्यांना नाही सांगितलं. तुम्ही लिहिलं होतं ते.”

“का नाही सांगितलंस?”

“ते इथं भांडायला आले असते ना. मग सगळे त्यांनाच हसले असते.” आणि माझा चेहरा पाहून, “तुम्ही टेन्शन नका घेऊ मॅडम.”

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीनं मला धीर दिला आणि मी तो घेतला.

त्या मनोगताचा उपयोगही झाला, हे सांगायला हवं. अहवाल कंपनीला आवडला, निधी पुढच्या वर्षीही आला. खोली चालू राहिली, आजही चालू आहे. माझ्या खिडकीतून पावणेसातला मुलं जाताना दिसतात, फिकट स्वेटरमधली, आणि त्यांच्यातल्या काहींना तो उजेड आणि ती उसळ माझ्या खोट्या वाक्यामुळे मिळते आहे. याचं काय करायचं ते मला कळत नाही. मी बराच काळ याच गोष्टीच्या आडोशाला बसले होते.

अविनाश गेल्यानंतर, डबे थांबल्यावर, एका दुपारी माझ्या मनात असं आलं, की आता हे ठाऊक असलेलं घरात कुणी उरलं नाही. आता मला कुणी ‘गेलीस का’ असं विचारणार नाही. आणि त्या क्षणी मला हलकं वाटलं. नवरा जाऊन अजून दोन महिनेही झाले नव्हते आणि त्याच्या जाण्यात मला ही एक सोय सापडली. त्या हलकेपणाची मला जेवढी लाज वाटली तेवढी त्या वाक्याचीही वाटली नव्हती. तरी मी तेव्हाही गेले नाही. मटार यायची वाट बघितली.

गेल्या मंगळवारी मी मार्केटात गेले. गल्लीत, घरात, त्यांच्या बायकोसमोर सांगणं सोपं झालं असतं, पण हसू झालं होतं ते टोळीत, म्हणून घरी गेले नाही. सकाळचे अकरा असतील. पायाखाली कांद्याच्या सालींचा गुलाबी थर, ट्रकच्या मागे ट्रक, आणि पाठीवर गोणी घेतलेली माणसं “बाजू, बाजू” करत अंगावरून जात होती. मी एकाला विचारलं, “मारुती शेलार कुठं भेटतील?”

“कोन मारुती?”

“जावळीचे. नानांच्या टोळीतले.”

“आरं तिच्या! भ्रांत व्हय? मंग तसं म्हना की बाई. मारुती म्हनून हितं कोन वळखतंय.” त्यानं तोंडाभोवती हात धरून हाक दिली, “ए भ्रांत! बाई आल्यात तुज्याकडं!”

हाकेत काही वाईट नव्हतं. सवयीची हाक होती, दिवसातून वीस वेळा मारायची. गोण्यांच्या थप्पीमागून शेलार त्या नावाला ओ देत बाहेर आले.

त्यांनी मला ओळखलं. टोपीला हात लावला. “मॅडम? हितं?”

मी बरंच काही ठरवून गेले होते, ते सगळं गेलं. म्हणाले, “ते त्या दिवशीचं बोलणं तनुजानं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं. तिनं फक्त पाठ केलं.”

ते उभेच राहिले. “समदं?”

“सगळं.”

“त्ये जेवनाचं बी?”

“ते तर माझंच. तिनं मला म्हटलंही होतं, की हे असं नाही.”

“मंग तिनं काय लिवलं हुतं?”

मी पिशवीतून वहीचं पान काढलं. त्यांनी हात सदऱ्याला पुसले, पान धरलं, लांब धरलं, मग परत दिलं. “चष्मा घरी हाय. तुमी वाचा.”

मी हलक्या आवाजात सुरुवात केली. त्यांनी मला थांबवलं. “मोठ्यानं वाचा, मॅडम. त्या दिशी माईक हुता.”

मग मी वर्गात वाचायचे तसं वाचलं. दोन-तीन गोण्या खाली ठेवल्या गेल्या, माणसं जमली, नानाही आले. कांदा कुठला ते हातात घेऊन सांगतात, हे आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, “गेल्या साली चुकला हुता की, त्ये बी लिव म्हनावं!” गोणीच्या वाक्याला नाना ओरडले, “आरं, ह्ये तुला म्या शिकिवलं, माजं नाव कुटं हाय त्यात?” हसण्यात माझा आवाज दोनदा बुडाला. मटाराच्या ओळीला मात्र कुणी हसलं नाही. टोळीनं ते मटार दर शनिवारी बांधून दिले होते.

वाचून झाल्यावर नाना माझ्याकडे वळले. “म्हंजी बाई, ह्याचं नाव तुमी ठेवलं म्हना की.”

“हो,” मी म्हणाले.

“आता न्हाय बदलायचं बघा. तोंडात बसलंय समद्यांच्या.” ते रागानं म्हणाले नाहीत. खरी गोष्ट सांगितली. मग “चला, चला, गाडी हुबी हाय” म्हणत माणसं पांगली.

मी शेलारांना म्हणाले, “माझी चूक झाली.” हे शब्द किती लहान आहेत ते मला मराठी शिकवूनही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून पान घेतलं. घडी घालून खिशात ठेवलं.

“पोरगी एका शब्दानं बोलली न्हाय मला,” ते म्हणाले.

“तुम्ही शाळेत आला असता आणि लोक तुम्हाला हसले असते, म्हणून.”

ते ट्रककडे पाहत राहिले. “दोन वर्सं झाली, मॅडम. तिला जेवलीस का म्हनून म्या इचारलं न्हाय. फोन आला की हिच्याकडंच देतो. कुटल्या तोंडानं इचारायचं? तिला वाटतंय बाप पोटाला घालत न्हाय, आन म्या इचारू जेवलीस का.”

त्यांनी खिशातून फोन काढला, बोटांनी पडदा पुसला, आणि एक-एक अक्षर बघत नाव शोधलं. पलीकडे वाजत असताना ते माझ्यापासून दोन पावलं दूर गेले. मग मला त्यांचा आवाज आला, मार्केटातल्या आवाजाच्या वर काढलेला, “तनू? म्या बोलतुय. जेवलीस का?”

पुढचं ऐकायला येत होतं. मी थांबले नाही. त्या घरातलं मी पुरेसं ऐकलं होतं आणि लिहिलंही होतं. पदर खांद्यावर ओढून मी गोण्या वाहणाऱ्यांना वाट देत बाहेरच्या रस्त्याकडे चालू लागले.